हिरवा दिवा

विस्मरण झालेल्या म्हाताऱ्यांना त्यांच्या आठवणी आता स्मृतिकेंद्राच्या डेटाबेसमधून थेट मेंदूत पुरवल्या जात. हे काम नीट चालतं की नाही यावर नजर ठेवणारं यंत्र शोधता शोधता केंद्र चालवणारी प्रमिला मेटाकुटीला आली होती. येईल त्या विक्रेत्याची परीक्षा ती आपल्या वडिलांवरच घेई.

“काहीही विचारा,” आजचा विक्रेता म्हणाला. “उत्तराला जरा उशीर झाला, तरी लाल दिवा लागेल.”

“अण्णा, मी कोण?”

“कुसुमताई की! असं काय विचारतेस?” अण्णा लगेच म्हणाले.

कुसुमताई म्हणजे अण्णांची कधीच वारलेली बहीण. दिवा हिरवाच राहिला.

“बघा, पापणी लवायच्या आत!” विक्रेता खूश झाला.

“याला उशीर कळतो,” प्रमिला मटकन खुर्चीत बसली. “चूक कळत नाही.”

अण्णांनी तिचा हात थोपटला. “दमलीस गं, ताई. थांब, प्रमी येईलच शाळेतून. ती करेल चहा.”