अनुनाद चाचणी

कुटुंब न्यायालयाच्या अनुनाद कक्षात मृदुलाच्या मनगटाला नाडी टिपणारा पट्टा बांधलेला होता. समोर बसलेला नवरा नुसता खाकरला आणि पडद्यावरची रेघ उसळली.

"बघा, काय सूर जुळलेत! अशा जोडप्याला काडीमोड मिळत नाही, बाई. कायदाच आहे तसा," तपासनीस तामसकर खूश होऊन म्हणाले.

तंबोऱ्यावर हयात घालवलेली मृदुला कडाडली, "एक तार छेडली की शेजारची आपोआप थरथरते, साहेब. तिला कोण विचारतं? जिन्यात ह्याच्या चपला वाजल्या तरी माझं असंच होतं. ह्याला बाहेर काढा, मग बघा!"

नवरा बाहेर गेला. रेघ हळूहळू शांत, सरळ झाली. कित्येक वर्षांनी मृदुलाने पोटभर श्वास घेतला.

तामसकरांनी शेरा लिहिला, 'पती दूर जाताच पत्नीतला सूर मावळतो. अर्ज नामंजूर.'