तीस का साठ

"व्हिसा तीस दिवसांचा काढायचा का साठ?" नूतनने विचारलं.

"तीस," वाजिदभाई म्हणाले.

"साठ," सुगराबी म्हणाल्या.

दोन्ही उत्तरं एकदमच आली आणि रोह्याच्या स्टेशनरोडवरच्या त्या एवढ्याशा ट्रॅव्हल्सच्या दुकानात घोडं अडलं. नूतनने कीबोर्डवरचे हात उचलले आणि खुर्चीला पाठ टेकली. नवरा-बायकोच्या मध्ये पडू नये, एवढं शहाणपण तिला या धंद्याने दिलं होतं.

प्रकरण तसं साधं होतं. लेक फिजा शारजाला, तिचे दिवस भरत आलेले, आणि पहिल्या बाळंतपणाला आई हवी. सुगराबींची एरवीची धाव पेणच्या माहेरापर्यंत. विमान त्यांनी पाहिलं होतं ते नवऱ्याला सोडायला गेल्यावर, तेही बाहेरून. आता स्वतः चालल्या होत्या, टुरिस्ट म्हणून.

"आधी कागद काय काय लागतात ते तर सांग गो," त्या म्हणाल्या.

नूतनने सांगितलं. पासपोर्ट अजून निदान सहा महिने चालणारा हवा. फोटो पांढऱ्या पडद्यासमोरचा. राहणार कुठे त्याचा पुरावा, म्हणजे जावयाच्या घराचा करारनामा. "आणि परतीचं तिकीट. ते नसलं तर इकडच्या विमानतळावरच अडवतात."

"परतीचं? अजून मी गेले नाय तर परतीचं?" सुगराबींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मानसं हायत का कोन! आपल्याकडं दारात पाव्हना आला तर आधी पानी देतात. जेवलास का, इचारतात. आन् हे उंबऱ्यातच इचारतात, जानार कवा? आमच्या मोहल्ल्यात असं कोनी इचारलं असतं ना, तर त्याच्या घरचा चहा परत कोनी घेतला नसता."

नूतनला हसू आवरेना. वाजिदभाई मात्र गंभीर झाले.

"कायदा हाय तो. तिकडं सगळं कायद्यानं चालतं. गेलं, बघितलं, निघालं. टुरिस्ट म्हंजे काय ऱ्हायला जातात?"

"तुमी काय त्यांचं वकीलपत्र घेतलंय?"

"पंचवीस वर्षं काढली मी तिकडं. मला म्हाईत नाय? तीस बस झाले. गरमी काय ती गरमी. बोलायला कोन नाय. आठ दिवसांत कंटाळशील."

"बाळंतिणीचा सव्वा महिना असतो. तो तीस दिवसांत कसा बसवू? पोरीला अर्ध्या न्हान्यात सोडून येऊ?"

तीसच का, ते वाजिदभाईंना ठाऊक होतं. पण ते नूतनसमोर कसं सांगणार? परवा सुगराबी बहिणीकडे पेणला गेल्या होत्या, दिवसभरासाठी. दुपारी वाजिदभाईंनी ओटीवरून दोनदा हाक मारली, "सुगरा, पानी आन गो." कोणी आलं नाही, कोणी कुरकुरलंही नाही, तेव्हा कुठे त्यांना आठवलं. मग उठून पाणीसुद्धा प्याले नाहीत. संध्याकाळची गाडी येईपर्यंत जीव नुसता खालीवर. एका दिवसात ही तऱ्हा, आणि ही बाई म्हणते साठ! तुझ्याशिवाय करमत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण पासष्टीच्या माणसाच्या तोंडून ते निघतंय होय?

"माझ्या बीपीच्या गोळ्या," ते म्हणाले. "त्या कोन देनार?"

"डबीत असतात. हात हायत ना तुमाला?"

"चाचा, साठचाच बरा पडेल हो," नूतन हळूच म्हणाली.

"तू गप ऱ्हव गो जरा."

सुगराबींनी पर्सची चेन उघडली, परत लावली. मग बोलल्या. आवाजात राग नव्हता. भाजीत मीठ कमी पडलंय म्हणून सांगावं, तसं सांगितलं.

"तुमी अबूधाबीला निघायचात तवा हातात एकच तिकीट असायचं. जायाचं. परत कवा, ते कंपनीला म्हाईत. कधी दोन वर्षं, कधी तीन. मला कोनी दाखवलं होतं परतीचं?"

दरवेळी विमान उडालं की वाजिदभाई खिडकीतून खाली बघायचे, आणि मग पुढच्या कामाचा विचार करायचे. ही बाई विमानतळावरून एस.टी.ने रोह्याला परत यायची आणि परवासारख्याच गप्प घराचं कुलूप काढायची, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. आता आलं. त्यांनी टेबलावरचा तिचा पासपोर्ट उचलला, उगाचच शर्टाच्या बाहीने पुसला आणि नूतनच्या पुढे सरकवला.

"साठ कर," ते म्हणाले.

नूतनने मनं बदलायच्या आत भराभर टाइप केलं. व्हिसा चार-पाच दिवसांत येईल म्हणाली, आणि तिकिटांचे कागद तेवढ्यात छापूनही दिले.

"चाची, हे जायचं, हे यायचं. दोन्ही पासपोर्टबरोबर पर्समध्ये ठेवा. तिथे उतरल्यावर मागतील."

"यायच्याची आनखी एक कॉपी काढ," वाजिदभाई म्हणाले.

"कशाला चाचा? तुम्हाला कोण विचारणार? तुम्ही थोडेच चाललाय कुठे?"

कागद हातात येईपर्यंत वाजिदभाई थांबले. त्याची नीट घडी घालून त्यांनी तो शर्टाच्या खिशात ठेवला.

"मी हितंच ऱ्हानार," ते म्हणाले. "म्हनून तर पायजे."