आईची खोली

नोकरीतून निवृत्त झाल्यावर आई वर्षभर पाठीवर सॅक टाकून परदेशात हिंडली. परत आली तेव्हा तिच्या खोलीत मुलाने ऑफिस थाटलं होतं. पलंग विकून टाकला होता, कपाटात फायली होत्या आणि तिचे देव वॉशिंग मशीनवर जाऊन बसले होते.

"अगं, तूच तिकडून मेसेजमध्ये लिहायचीस ना, माझा सगळा संसार एका सॅकमध्ये मावतो म्हणून?" मुलगा हसत म्हणाला. "म्हटलं, आता तुला खोली कशाला? हॉलमधला सोफा पुष्कळ झाला."

"आणि तिकडे हॉस्टेलच्या एकेका खोलीत आठ-आठ अनोळखी माणसांत झोपलातच की, आई," सुनेने री ओढली. "तुम्हाला काय, आता कुठेही झोप लागते."

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने हात धुतले आणि देवांना मशीनवरून उचलून छातीशी धरलं. आवाज मात्र नेहमीसारखाच हळू होता.

"लागते ना. स्टेशनच्या बाकावरसुद्धा झोपले. कुठे तक्रार केली नाही, कारण त्यातलं एकही घर माझं नव्हतं. हे आहे. तुझं टेबल उचल."