मिस ओटिलींचा खराटा

मिस ओटिली वारल्या आणि पोर्ट ऑफ स्पेनमधल्या त्यांच्या नृत्यशाळेचं वर्षभरात संग्रहालय झालं. त्यांच्या हाताखाली तयार झालेली सत्तरीची वर्लिन उद्घाटनाला आली ती सवयीनं दारातच चपला काढून. नवे संचालक मात्र चकचकीत बुटांनी नाचाच्या जमिनीवर मिरवत होते. "ही अत्यंत पवित्र जुडी," काचेच्या कपाटाकडे बोट करून ते पाहुण्यांना म्हणाले, "हिनं बाई आफ्रिकेतल्या पूर्वजांना आवाहन करायच्या!" वर्लिन फिस्सकन हसली. "अहो डॉक्टर, माडाच्या हिरांचा खराटा आहे तो! आधी झाडा, मग नाचा, असा बाईंचा दंडक. मंत्र्याच्या पोरीलासुद्धा सोडलं नाही." "पण मावशी, मी यावर प्रबंध लिहिलाय!" "तोच साचलाय वाटतं कोपऱ्यात." तिनं कपाट उघडून खराटा त्यांच्या हातात कोंबला. ढोलाशी बसलेला म्हातारा खेकसला, "बूट काढा! झाडून होईपर्यंत ढोल वाजणार नाही."