आईच्या फोनची बॅटरी

इनकमिंग फुकट झालं, तसं मी मांजरसुंब्याला मोबाईलचं दुकान टाकलं. बॅटरी काचेवर ठेवून फिरवायची, गरगर फिरली की समजायचं फुगलीय, हे मी गिऱ्हाइकांना रोज दाखवायचो. अशीच एक परत आलेली बॅटरी मी आईच्या फोनला बसवली. तिला काय, फोन नुसता उचलायचा तर असतो!

मग आईला काशीला घेऊन निघालो, तिचा पहिलाच विमानप्रवास. विमानतळावर, झाकण बसेना म्हणून फोनला लावलेलं रबर बघून तपासणीच्या साहेबांनी बॅटरी काढली, टेबलावर फिरवली. गरगर फिरली.

"विमानात पेटली असती, आजी. कुणी दिली ही?"

मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो.



आई म्हणाली, "कुणी न्हाई, साहेब. रस्त्यात घावली, मीच घातली. लेकाला ठावंच न्हाई."