नारिंगी सुतळी

“बांधलं होतं म्हणतोय ना मी,” विल्फ म्हणाला. “मंगळवारी सकाळी, याच हातांनी. फाटक सताड उघडलं आणि सुतळीनं खांबाला बांधून टाकलं.”

“मग ती सुतळी कुठंय, बाबा?” हेझलनं विचारलं. आवाज चढवला नव्हता तिनं. म्हाताऱ्याला तेच जास्त लागलं.

डेस्मंड अंडी न्यायला आला होता, तो वाडगा हातात धरून स्वयंपाकघराच्या दारातच थबकला. मागच्या मागे सटकावं असं त्याच्या मनात आलं, पण विल्फनं त्याला पाहिलं होतं. मग हेझलनंच सांगितलं काय झालं ते. वरच्या कुरणातल्या मेंढ्या तिथंच कोंडल्या गेल्या होत्या. पाणी खालच्या ओढ्याला आणि मधलं फाटक बंद. सगळी माणसं पलीकडच्या रानात गवत कापायला गुंतलेली, त्यामुळे दोन दिवस तिकडं कुणी फिरकलंच नाही. जूनचं असं ऊन श्रॉपशायरनं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं आणि मेंढ्यांच्या अंगावरची लोकर अजून उतरवायची होती. आज सकाळी हेझल गेली तेव्हा दोन मेंढ्या फाटकाला अंग टेकूनच मेलेल्या होत्या.

“वाऱ्यानं लागलं असेल,” डेस्मंड म्हणाला.

“वारा कडी घालत नाही,” हेझल म्हणाली.

डेस्मंडचा डावा हात पँटच्या खिशात होता. ती नारिंगी सुतळी त्याच्या मुठीत होती.

गेली दहा वर्षं डेस्मंड आणि त्याची बायको जोआन कॉव्हेंट्री शहरातून दर उन्हाळ्यात आठवडाभर याच शेतावरच्या भाड्याच्या घरात उतरायचे. आयुष्यभर त्यानं लोकांना गाडी चालवायला शिकवलं, त्यामुळे नियम म्हटला की त्याला स्फुरणच चढायचं. आता तर तो स्वतःला अर्धा गावकरीच समजायचा. मंगळवारी एक तरुण जोडपं त्या उघड्या फाटकातून हसत-खिदळत निघालं होतं. त्यानं त्यांना थांबवून चांगलं फैलावर घेतलं.

“उघडंच होतं हो ते,” पोरगी म्हणाली.

“सगळे असंच म्हणतात,” डेस्मंड म्हणाला.

मग त्यानं चाकूनं सुतळी कापली, फाटक लावलं, कडी घातली. कचरा टाकणाऱ्यातला तो नव्हता, म्हणून सुतळी खिशात घातली. शहरातल्या लोकांना रानात कसं वागावं ते कळत नाही, हे त्या संध्याकाळी जोआनला दोनदा ऐकावं लागलं. फाटक जसं सापडेल तसंच सोडायचं, हा खरा नियम. तो त्यानं स्वतः इतरांना शंभरदा ऐकवला होता.

विल्फ खुर्चीत बसला. “असेल,” तो हळूच म्हणाला. “सवयीनं मीच लावलं असेल.”

“गेल्या महिन्यात किटली शेगडीवर ठेवून विसरलात. आता हे,” हेझल म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “पुरे झालं, बाबा. सोमवारी सगळा कळप बाजारात जाऊ दे.”

विल्फनं ‘बरं’ म्हणून मान हलवली. साऱ्या जन्मात त्यानं मेंढ्यांशिवाय दुसरं काही केलं नव्हतं.

बोलायची वेळ हीच होती. डेस्मंडला ते कळत होतं. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तोंड उघडलं खरं, पण बाहेर पडलं ते एवढंच, “सहा अंडी पुरतील.”

ती अंडी त्याच्या घशाखाली उतरली नाहीत. जोआननं विचारलं, बरं वाटत नाही का? तो म्हणाला, ऊन बाधलं. रात्री कूस बदलत पडला की डोळ्यांसमोर विल्फची ती हलणारी मान यायची. स्वतःची इतकी किळस त्याला कधी आली नव्हती.

शनिवार उजाडला. शनिवारी दहाच्या आत घर रिकामं करायचं, मागून दुसरे पाहुणे येतात. दरवर्षीप्रमाणे विल्फ निरोप द्यायला रस्त्याकडच्या फाटकापाशी आला. फाटक उघडायचं, गाडी गेली की लावायचं आणि हात हलवायचा, ही त्याची जुनी पद्धत. या वेळी त्यानं फाटक उघडलं आणि तो बाजूला उभा राहिला.

“जाताना तुम्हीच लावून घ्या,” तो म्हणाला. “तुमचा हात चोख आहे. माझा आता माझ्यावर भरवसा राहिला नाही.”

डेस्मंडनं गाडी बाहेर काढली आणि थांबवली. उतरून त्यानं फाटक लावलं, कडी घातली. विल्फ आत, तो बाहेर. त्यानं खिशातून सुतळी काढून म्हाताऱ्याच्या तळहातावर ठेवली.

“मंगळवारी मी कापली,” तो म्हणाला. “फाटक मी लावलं. परवा तुमच्या स्वयंपाकघरात हे मला ठाऊक होतं.”

पुढचं सगळं त्यानं रात्रभर घोकून ठेवलं होतं. त्यातलं काहीच आठवेना.

विल्फनं सुतळी बोटांत फिरवली. कापली होती मध्यावर, गाठ तशीच होती. तिच्यावरून त्यानं अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. आता हा शिव्या घालणार, डेस्मंडला वाटलं. घालाव्यात एकदाच्या, असंही वाटलं.

“ही माझीच गाठ,” विल्फ म्हणाला. मग घराकडे वळून त्यानं हाक मारली, “हेझल, अगं ए हेझल, मी बांधलं होतं. बघ, मी बांधलं होतं.”

मग त्यानं फाटकावरून डेस्मंडचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“फार उपकार झाले तुमचे,” तो म्हणाला, आणि हात काही सोडीचना.