राखीव जागा

राखीव जागेवर शिपाई म्हणून लागलेला श्रावण हा त्याच्या घराण्यातला पहिला नोकरदार. भातकुलीच्या कचेरीतून तो रिटायर झाला, त्याच साली तिथली कारकुनाची राखीव जागाही रिकामी झाली. तेव्हाच त्यानं आपल्या पोरीला, प्रियदर्शनीला बजावलं, "अभ्यास सोडू नोको. थे जागा आपली हाय."

जात पडताळणीसाठी तीन वर्षं त्यानं अमरावतीच्या चकरा मारल्या. कुठून कुठून आपल्या बापाच्या शाळेचा दाखला हुडकून आणला. प्रमाणपत्र हाती पडलं त्या दिवशी घरात पेढे वाटले.

ती जागा कैक वर्षं रिकामीच राहिली. भरायला निघाली तेव्हा प्रियदर्शनी बत्तीस वर्षांची झाली होती. आता भरती सरकार नव्हतं करत, एजन्सी करत होती. तीही अकराच महिन्यांसाठी.

एजन्सीच्या टेबलाशी उभं राहून तिनं फॉर्म भरला. श्रावणनं पिशवीतून जपून प्रमाणपत्र काढलं. "थांब पोरी, हे जोड पयले. याच्याबिगर आपल्याले कोन घेते?"

टेबलावरच्या माणसानं ते न वाचताच परत सरकवलं, अन् मोठ्या मनानं हसला.


"ठेवा घरी, काका. आमच्याकडं राखीव-फिखीव काई नाई. जातपात आमी मानतच नाई!"